गयाबाईंचा खुर्चीवरचा फोटो

जालना जिल्ह्यात मुद्दाम फिरायला कोण जातं, असं आमच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी मला विचारलं होतं. "तिथे बघायला आहे काय?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "माणसं!" वहिनी गप्प बसल्या. त्यांना गप्प बसवल्याचा मला आनंदच झाला होता. आता दोनदा जाऊन आले, आणि हे लिहायला बसले तर तेच उत्तर आठवून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी मूळची नाशिकची. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं खर्डेघाशी केली. निवृत्त झाल्यावर मुलाने कॅमेरा घेऊन दिला. का, तर आईने घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसू नये. मग मी गल्लीतल्याच एका फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं. क्लासचे सर तरुण, दाढीवाले, माझ्या मुलाहून लहान. पण शिकवायचे झक्कास. व्यक्तिचित्रं कशी काढायची यावर त्यांनी आमच्याकडून दोन महिने घोकंपट्टी करून घेतली. मी शाळेतल्या पोरीसारखी वहीत लिहून घेतलं होतं: माणसाला पोज देऊ देऊ नका. उजेड एका बाजूने येऊ द्या. मागे अंधार ठेवा. सुरकुत्या शोधा. पासपोर्टचा फोटो म्हणजे व्यक्तिचित्र नव्हे. हे शेवटचं वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं.

जानेवारीत क्लासचं प्रदर्शन होतं, विषय 'चेहरे'. नाशिकचे चेहरे सगळ्यांनी काढून काढून चोथा केला होता. माझ्याबरोबर नोकरीला असलेली एक मैत्रीण मूळची मंठ्याची. ती म्हणाली, "आमच्याकडे जा. तिथे माणसाचं तोंड अजून तोंडासारखं आहे." दिवाळी उरकली, फराळाचे डबे घासून ठेवले आणि मी निघाले.

जाफराबाद

जालन्यात लॉजवर सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाफराबादला जाणारी जीप धरली. नऊ जणांच्या जीपमध्ये आम्ही चौदा, शिवाय एक कोंबडी. ती मात्र आपली शांत बसून होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बाया वाकलेल्या. सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडलेली.

बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर एक काका भेटले. पांढरी टोपी, पांढऱ्या झुपकेदार मिशा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. सरांनी पाहिलं असतं तर नाचले असते. मी विचारलं, "फोटो काढू का काका?"

"थांबा," काका म्हणाले. सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं. खिशातलं पेन दिसेल असं वर काढलं. टोपी नीट केली. मग दोन्ही हात मांड्यांना चिकटवून झेंडावंदनाला राहतात तसे ताठ उभे राहिले. "हां, आता मारा."

"अहो सहज उभे राहा ना. बोला कोणाशी तरी."

"बोललो का तोंड वाकडं येतंय मॅडम. हे बराबर हाय."

नाशिकला कॅमेरा दिसला की लोक ओठांचा चंबू करतात, दोन बोटं वर करतात. इथे मात्र जो तो सावधान! मी मनात म्हटलं, बाई, ही माणसं बेसावध पकडायला हवीत. काका बसून बशीत चहा ओतून प्यायला लागले, तेव्हा हळूच काढला. त्यांना कळलंच. "हे काय वो? बशी तोंडाला लावल्यावर कुणी फोटू काढतं का? सोयऱ्याधायऱ्यांनी पाह्यला तर काय म्हंतेल? पुसा तो."

"हो हो, पुसते," म्हटलं. आणि पुसला नाही. काय फरक पडतो, असं वाटलं. खरं सांगायचं तर जरा मजाच वाटली.

दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. आम्ही नाशिककर मिसळीच्या तिखटपणाच्या बढाया मारत फिरतो. त्या ठेच्याने माझी सगळी बढाई दोन घासांत उतरवली. नाकाडोळ्यांतून पाणी. मालकाने न बोलता गुळाचा खडा पुढे ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी मोठ्या सौजन्याने दुसरीकडे तोंड केलं. माझा तसा फोटो कुणी काढला नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

जांब समर्थ

तिसऱ्या दिवशी जांब समर्थला गेले. समर्थांच्या जन्मस्थानाचं मंदिर नीटनेटकं, दगडी फरशी थंडगार. कुणाचा तरी नवस फेडायचा होता, त्यामुळे पंगत मांडलेली. मी कोपऱ्यात उभी राहून जेवणाऱ्या बायकांचे चेहरे टिपायच्या तयारीत. एवढ्यात एका जाडजूड काकूंनी मला हेरलं. "उभ्या काय राह्यल्या बाई? हात रिकामे हायेत ना? वाढा!" आणि वरणाची बादली माझ्या हातात. मी सांगायला गेले की मी फोटोग्राफर आहे. त्या म्हणाल्या, "असू द्या. वरण पातळ हाय, सांभाळून."

आमच्याकडे कार्यात पाहुण्याने हात लावायचा नाही, केटरिंगची पोरं असतात. इथे रिकामं उभं राहणं हाच मोठा गुन्हा. तासभर वरण वाढलं. गळ्यातल्या कॅमेऱ्यावर दोन पळ्या सांडल्या, त्या पदराने पुसल्या. पण बायका किती बोलल्या माझ्याशी! कुठली, किती लेकरं, गुडघे दुखतात का, कोणतं तेल लावता. वाढताना प्रत्येकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी त्यांच्या. फोटो मात्र दिवसभरात एकही धड आला नाही. संध्याकाळी लॉजवर बसून मी चिडचिड केली की अख्खा दिवस वाया गेला. किती मूर्ख होते मी!

मंठ्याच्या पलीकडे

चौथ्या दिवशी मंठा. मैत्रिणीच्या ओळखीचे प्रकाश सर मला घ्यायला स्टँडवर आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. एकसष्टाव्या वर्षी मी मोटरसायकलवर मागे बसले आणि जीव मुठीत धरून आठ किलोमीटर गेले. "घट्ट धरा मॅडम, रस्त्याचं काम चालू हाय," ते म्हणाले. काम चालू असल्याचं काही दिसलं नाही, खड्डे मात्र चालू होते.

घर स्लॅबचं, पांढरी फरशी, स्वयंपाकघरात गॅस, मिक्सर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर पुस्तकं ओळीने लावलेली. दारातच सरांच्या आई, गयाबाई. उंच, सडसडीत, पंचाहत्तरी उलटलेली. निळ्या काठाची पांढरी साडी कडक घडीची, आणि काळ्या दोरीचा चष्मा.

"या बाई. सकाळधरनं तयार होऊन बसले मी. म्हटलं, फोटूवाल्या येणार हायेत."

आधी खाणं. सरांच्या बायको विमलताईंनी गरम धपाटे केले होते, त्यावर दही, शेंगदाण्याची चटणी. दोन खाऊन मी पुरे म्हटलं तर गयाबाईंनी तिसरा टाकला. "पाव्हण्याला दोनावर उठवत नसतेत." खाता खाता सरांनी आईची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच्या रानात मजुरी करून दोन मुलांना शिकवलं. स्वतः चाळिशीनंतर प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं गिरवली. आता दर पावसाळ्यात, वर्षावासात, गावच्या विहारात तीन महिने रोज ग्रंथवाचन होतं, तेव्हा वाचायला गयाबाईच बसतात. पदवी झालेल्या पोरी खाली बसून ऐकतात.

"अडखळत न्हाई मी बिलकुल," गयाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, माझे फोटू काय कमी न्हाईत. एक राशनकार्डाचा हाय. एक आधारचा, एक बँकेचा. रोजगार हमीवर होते तवा साहेब आल्ते, आम्हा समद्या बायांना उन्हात उभं करून काढला. ज्याला त्याला लागत होता म्हणून काढला. मला पाह्यजे म्हणून काढलेला एकबी न्हाई. ह्यो एक माझ्यासाठी काढा. खुर्चीवर बसून, चष्मा लावून. वाचायला बसते तशी."

एवढं स्वच्छ सांगितलं त्या बाईने. आणि मी काय म्हणाले? "काढू की मावशी, काढू. आधी एक वेगळा काढू या."

कारण मी तोवर मागच्या दारातून परसातली चूल पाहिली होती. पत्र्याच्या छपराखाली, भिंती काळ्या झालेल्या, एका बाजूने उजेडाचा पट्टा येत होता. क्लासच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवला होता तसाच्या तसा.

"चूल पेटवता का?" मी विमलताईंना विचारलं.

"ती आंघोळीच्या पाण्याची हाय मॅडम. तिच्यावर स्वयंपाक न्हाई करत आम्ही."

"नुसती पेटवा. आणि मावशी, एखादी जुनी साडी आहे का? रोजची?"

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रकाश सर काडेपेटी आणायला उठले. मी पाहुणी, दुरून आलेली, त्यांच्या ओळखीच्यांची मैत्रीण. मराठवाड्यात पाहुण्याला नाही म्हणायची जीभ लवकर वळत नाही आणि मी त्या चांगुलपणाचा पुरेपूर फायदा घेतला. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. थोडं कळत होतं.

गयाबाई आत गेल्या आणि विटकी साडी नेसून आल्या. पांढरी साडी त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली होती. "हे समदं म्या सोडून दिल्तं बाई," त्या हसत म्हणाल्या आणि चुलीपुढे बसल्या. मी म्हटलं, चष्मा काढा, चमकतोय. काढला. मी म्हटलं, हसू नका. थांबल्या. मी म्हटलं, मान खाली, विस्तवाकडे बघा. त्यांनी पाहिलं. कापसाच्या मागल्या सालच्या पऱ्हाट्या अवकाळी पावसात भिजलेल्या, सरपण पेटेना. धूरच धूर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, एक थेंब गालाच्या सुरकुतीत थांबला आणि उजेड नेमका त्यावर. "हलू नका! हलू नका मावशी!" मी ओरडले. खोकला दाबून धरला त्या बाईने माझ्यासाठी.

मग खुर्चीचा फोटो. त्यांनी पुन्हा पांढरी साडी नेसली, केस सारखे केले, चष्मा फडक्याने पुसून घातला. अंगणात प्लास्टिकची लाल खुर्ची. बाराचं ऊन डोक्यावर, सावली कुठेच नाही. क्लासच्या सरांच्या भाषेत सपाट उजेड. माझं सगळं लक्ष चुलीच्या फोटोत अडकलेलं आणि जालन्याची जीप चुकेल म्हणून जीव खाली-वर. गयाबाई बसल्या. पाय जमिनीवर टेकवले, हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, एक श्वास घेतला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी जरा चपापलेच. इतकं सरळ माझ्याकडे कुणी कॅमेऱ्यातून पाहिलं नव्हतं. शाळेत बाईंनी फळ्याजवळ बोलावल्यावर व्हायचं तसं झालं.

"मावशी, जरा हसा."

"काहून? वाचताना हसत असतेत का?"

अकरा फोटो काढले. पंधरा दिवसांत मोठा करून, चौकट लावून पाठवते, असं वचन दिलं. गयाबाईंनी भिंतीवरची जागासुद्धा दाखवली, पुस्तकांच्या फळीवर. खिळा विमलताईंनी त्याच दुपारी ठोकून घेतला.

आता जे सांगायचं ते पटकन सांगून टाकते. मंठ्याहून जालन्याला येताना रस्त्यात मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. उन्हं कलली होती, धुळीत सोनं मिसळलं होतं. कॅमेरा उचलला तर कार्ड भरलेलं. जीपवाला म्हणाला, "जल्दी करा मॅडम." मी भराभर मागचे फोटो पाहिले. चुलीचे तर ठेवायचेच. जाफराबादचे ठेवायचे. खुर्चीचे अकरा सपाट, पासपोर्टसारखे. मनात म्हटलं, मावशीला काय, चुलीचाच पाठवू, तो जास्त छान आहे. आणि अकराच्या अकरा पुसले. मेंढरांचे फोटो हलले, एकही कामाचा निघाला नाही.

नाशिक

मंठ्याला फोटो पाठवायचा राहिलाच, आणि इकडे प्रदर्शनात गयाबाईंच्या चुलीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. नाव क्लासच्या सरांनी ठेवलं, 'उपेक्षिता'. मी हो म्हटलं. परीक्षक माईकवरून म्हणाले की त्या एका अश्रूत पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख गोठलंय. लोक टाळ्या वाजवत होते. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर गोठला होता, हे मला माहीत होतं आणि मी मान तुकवून टाळ्या घेतल्या. कुलकर्णीवहिनी पेढे घेऊन आल्या. मी दोन खाल्ले.

कुणीतरी तो फोटो, खाली दोन रडक्या ओळी लिहून, मोबाइलवर फिरवला. फिरत फिरत तो मंठ्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पोचला. आठवड्याने प्रकाश सरांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, आईचा फोटो पाह्यला. लोक विचारून राह्यलेत, सर, तुम्ही आईला सांभाळत न्हाई का म्हणून."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"त्याचं असू द्या. ते मी बघतो. आई काय म्हणाली सांगू? विहारातल्या बायांनी मोबाइलवर दाखवला तिला. एक जण म्हणाली, मावशी, तू चुलीपुढं रडत कवापासून बसायला लागली? आई घरी आली आणि मला म्हणाली, पक्या, ह्यात माझा चष्मा कुठाय?" मग ते म्हणाले, "खुर्चीवरचा फोटो तेवढा पाठवून द्या मॅडम. तो लावतो ग्रुपवर. म्हणजे लोकांना कळंल."

मी म्हटलं, पाठवते. पुन्हा खोटं बोलले. फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसले, पण तिथेही काही सुचेना. पुसलेले फोटो परत मिळतात म्हणे. तीन दुकानं पालथी घातली. त्या कार्डावर मी नंतर भाचीचं लग्न काढलं होतं, साडेतीनशे फोटो. दुकानदार म्हणाला, "आजी, खालचं सगळं गेलं." क्लासच्या सरांना सांगून प्रदर्शनातून फोटो काढून घेतला, बक्षीस परत केलं. सर म्हणाले, "तुम्ही भावनेच्या आहारी जाताय." मी म्हटलं, जाते. मोबाइलवरचा मात्र कुणाच्या बापाला परत घेता येईना. बाण सुटला तो सुटला.

पुन्हा मंठा

फेब्रुवारीच्या शेवटी परत गेले. या वेळी लॉजवर राहिले नाही, मध्ये कुठे उतरले नाही. मंठ्याच्या स्टँडवर प्रकाश सर होतेच घ्यायला. मी त्यांच्याजवळ आधी फोनवर सगळं कबूल केलं होतं. ते फार बोलले नाहीत, पण खड्डा आला की "सांभाळून" म्हणत होते. विमलताईंनी चहा दिला आणि आत गेल्या. खिळा भिंतीवर तसाच होता. त्याला कॅलेंडर लावलं होतं.

गयाबाई माझ्यासमोर बसल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचा खुर्चीवरचा फोटो मी पुसून टाकला."

"पुसला? काहून?"

"जागा नव्हती."

"कशात?"

"कॅमेऱ्यात."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं," म्हणाल्या.

प्रदर्शनातून काढून घेतलेला चुलीचा मोठा फोटो मी सोबत नेला होता. काय करायचं त्याचं, ते त्यांनीच सांगावं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुष्कळ वेळ पाहिला. मग विचारलं, "हे पाणी धुराचं हाय, असं खाली लिहिल्तं का तुम्ही?"

"नाही मावशी."

"लिवायला पाह्यजे होतं." आणि फोटो पालथा घालून ठेवला.

मी रडले. एकसष्ट वर्षांची घोडी, परक्याच्या घरात हुंदके देत बसले. उलट त्याच उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "जाऊ द्या. तुम्ही काय वाईट मनानं केलं का?" वाईट मनाने केलं नव्हतं हे खरं. पण चांगल्या मनाने तरी कुठे केलं होतं? मन होतंच कुठे, सगळं लक्ष उजेडात होतं.

मग म्हटलं, आता काढू. तुम्ही म्हणाल तसा, म्हणाल तेव्हा. दिवसभर थांबते, उद्याही थांबते. प्रकाश सर म्हणाले, सकाळी कोवळ्या उन्हात काढू. मी रात्री तिथेच राहिले. सकाळी गयाबाईंनी तीच निळ्या काठाची साडी नेसली. विमलताईंनी आता आपण होऊन खुर्ची पुसून ठेवली, प्लास्टिकची नव्हे, शेजाऱ्यांकडून आणलेली लाकडी. हातात ग्रंथ दिला. मी गुडघ्यावर बसले, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणला. उजेड असा की काय सांगू.

गयाबाई बसल्या आणि मला विचारलं, "कसं बसू, बाई?"

"तुम्हाला हवं तसं मावशी. मागच्या वेळी खुर्चीवर बसला होता ना, तसं."

"हां." त्यांनी हात मांडीवर घेतले. मग दांड्यांवर ठेवले. पुन्हा मांडीवर. "मान बराबर हाय का? का खाली घालू थोडी?"

"नाही नाही. सरळ बघा माझ्याकडे."

त्यांनी पाहिलं. पण कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला कसं हवंय ते त्या माझ्या चेहऱ्यावर शोधत होत्या. मी "छान" म्हटलं की तशाच थांबायच्या, मी गप्प राहिले की हनुवटी जरा हलवायच्या. "चष्मा चमकतोय का? काढू?" त्यांनी विचारलं. मी जवळजवळ ओरडलेच, "नको!" तर त्या दचकल्या. थांबले. चहा प्यायलो, गप्पा मारल्या, ग्रंथ वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी वाचला, खडखडीत, एकदाही न अडखळता. पण मी कॅमेरा उचलला की पान सोडून लगेच माझ्याकडे, हुकुमाची वाट बघत. दुपारपर्यंत ऐंशी फोटो काढले. त्यातले दोन-तीन असे आहेत की क्लासच्या भिंतीवर लागतील. साडी, चष्मा, ग्रंथ, सगळं जिथल्या तिथे. नोव्हेंबरमध्ये बाराच्या उन्हात लाल खुर्चीवर बसून जिने मला चपापायला लावलं होतं, ती बाई मात्र त्यात कुठेच नाही. तिला मी स्वतः वाकायला शिकवलं होतं आणि ती चांगली शिकली होती.

मंठ्याच्या स्टुडिओत त्याच दिवशी मोठा करून घेतला, चौकट लावली. सरांनी कॅलेंडर काढून फोटो टांगला. शेजारीपाजारी आले. "एकच नंबर!" म्हणाले. विमलताई पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलल्या. सरांनी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. त्यांच्यासाठी तरी जाणं कामाला आलं. गयाबाईंनी कमरेवर हात ठेवून फोटो पाहिला. "चांगला आलाय," म्हणाल्या आणि कुणी काही विचारायच्या आत गोठ्याकडे गेल्या.

निघताना त्या मला जीपपर्यंत सोडायला आल्या. एका हातात धपाट्यांचं गाठोडं, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलेला, कारण मला उतारावर भीती वाटते हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "मावशी, फोटो खरंच आवडला ना?"

"लई लांबून आल्त्या बाई, एवढ्या एका फोटूसाठी," त्या म्हणाल्या. गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं, माझा पदर जीपच्या दारात अडकला होता तो सोडवून आत दिला. "म्हणून बसले मी. आता तुमच्या जिवाला बरं वाटंल. जावा निवांत."

मी "हो मावशी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?